आश्विन आणि गिटारची मान

गेल्या आठवड्यात आमच्या न्हाणीघराचं दार लागलं.

घाटावरच्या माणसाला वाटेल, ह्या बाईला लिहायला दुसरं काही सुचलं नाही. पण रत्नागिरीत एक अख्खा पावसाळा काढा, मग बोला. आषाढात लाकूड एकदा फुगलं की दार चौकटीत शिरायचं नाव घेत नाही. मग आत गेलेल्याने खाकरायचं आणि बाहेरच्याने समजून घ्यायचं. आमचे जावई पहिल्यांदा राहायला आले तेव्हा नेमका श्रावण होता. बिचारे आंघोळ संपेपर्यंत मोठ्याने स्तोत्र म्हणत होते, आणि मी शेजारीपाजारी सांगत सुटले की मुलगा फार धार्मिक आहे हो! मग आश्विनात एक दिवस सहज ओढावं तर खट्कन कडी बसते. पाऊस गेला हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

दार लागलं की मी गाद्या उन्हात टाकते आणि गिटारची मान बघते.

गिटार म्हटलं की लोक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात. बघू देत. निवृत्त शाळामास्तरीण, चष्मा कपाळावर चढवलेला, एक डोळा मिटलेला, आणि ती गिटारच्या लांबलचक दांड्यावरून नेम धरल्यासारखी बघतेय, हे दृश्य काही रोजचं नाही. आंबे उतरवायच्या घळाला काठी निवडताना ती सरळ आहे का हे असंच बघतात, मी तिथेच शिकले. ह्या दांड्याला इंग्रजीत नेक म्हणतात. मी सरळ मान म्हणते. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढे ओढतात, सळई तिला मागे धरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की लाकूड ओल पितं आणि मान पुढे झुकते. तारा उंच राहतात आणि दाबताना बोटाला कापतात. आश्विनातलं ऊन पडलं की लाकूड सुकतं, मान मागे जाते, तारा खाली टेकून खरखरतात. म्हणून वर्षातून दोनदा सळईला किल्ली लावून थोडं सैल, थोडं घट्ट करायचं. बस्स, एवढंच तर आहे.

आणि मान अगदी सरळसोट करायची नाही बरं. किंचित पुढे वाकलेलीच ठेवायची, म्हणजे तारेला थरथरायला जागा मिळते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, माझ्या संसाराबद्दल कुणीतरी खरं बोललं.

बाहेर सड्याच्या कातळावरचं गवत पिवळं पडत असतं. दुपारी पडवीतल्या लादीवर पाय ठरत नाही आणि पहाटे मात्र चादर अंगावर ओढावी लागते. भातं लवलेली असतात, चतुर उडत असतात, मध्येच हस्ताचा पाऊस धडाडधूम करून वाळत घातलेलं सगळं भिजवून जातो. हा सगळा मोसम मला खूप आवडायचा. एका वर्षी त्याने मला फार घाबरवलं, तेव्हापासून ऊन बदललं की आधी तेच वर्ष आठवतं.

गिटार ह्यांची. हे म्हणजे आमचे यजमान. नाव घ्यायची मला अजून लाज वाटते असं नाही, पण सवय नाही. पोफळीच्या वीजघरात त्यांची सगळी नोकरी झाली. डोंगराच्या पोटात हे यंत्रं सांभाळायचे आणि वर कॉलनीत आम्ही बायका बुरशी सांभाळायचो, असा तिथला पाऊस. कॉलनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा, त्यात हे गिटार घेऊन सगळ्यात मागे, ढोलकीच्या बाजूला उभे. तरुणपणी मुंबईहून आणलेली, पिकल्या करवंदाच्या रंगाची ती इलेक्ट्रिक गिटार. लोक गाणाऱ्याकडे बघत, नाचणाऱ्या मुलांकडे बघत. ह्यांच्याकडे मीच काय ती बघायचे. हे फक्त कॉर्ड वाजवायचे, म्हणजे गाण्याच्या मागचा भराव. गाण्याची चाल त्यांनी कधी वाजवली नाही. "चाल वाजवणारे खूप असतात गो," म्हणायचे. आमटीतलं मीठ कुणी वाखाणत नाही, पण नसलं तर पहिल्या घासाला कळतं, तसं ते वाजवणं होतं.

निवृत्तीनंतर रत्नागिरीला घर बांधलं, चार कलमं लावली. रोज सकाळी पेपर वाचून झाला की पडवीत अॅम्प्लिफायर लावून अर्धा-पाऊण तास वाजवायचे. वैशाखात अॅम्प्लिफायर घूंऽऽ करायला लागला की मला हुकूम सुटायचा, "अर्थिंगला पाणी घाल!" आमच्याकडे खाली सगळा जांभा दगड. उन्हाळ्यात तो असा कोरडा पडतो की घराची अर्थिंगही धड लागत नाही. मग परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी बादली ओतायची, आणि आतून आवाज यायचा, "हां, गेला!" शेजारणीला वाटायचं मी तिथे काहीतरी लावलंय. रोज विचारायची, उगवलं का हो?

त्या वर्षी आंबा संपता संपता एका सकाळी ह्यांच्या डाव्या हातातून बशी सुटली. "हात झोपलाय," म्हणाले. हात झोपला नव्हता. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. बोलणं शाबूत राहिलं, पाय महिनाभरात चालता झाला. डावा हात मात्र परका झाला. एकेक बोट वेगळं हलेना. मूठ वळायची, तीही ढिली. आणि जरा वर उचलला की हात थरथरायला लागायचा. गिटारवर तारा दाबायच्या असतात त्या डाव्या हाताने, हे मी सांगायला नको.

पावसाळाभर हे खिडकीशी बसून राहिले. फिजिओथेरपीची बाई यायची, तिच्याशी गोड बोलायचे आणि ती गेली की व्यायाम बंद. कुणी भेटायला आलं तर "बरंय" एवढंच. आमची मुलगी मुक्ता पुण्याहून रोज फोन करायची. "आई, बाबा काय करतायत?" "पाऊस बघतायत." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

आता माझ्या पराक्रमाविषयी सांगते. कोकणातल्या घरात एक उबेचं कपाट असतं. आत पिवळा बल्ब सतत जळत ठेवायचा. त्याच्या उबेवर रेशमी साड्या, सर्टिफिकेटं, पापड, कुरडया, जे जे ओलीने बिघडेल ते सगळं पावसाळा पार करतं. गिटारही तिथेच, म्हणून आमच्या गिटारला कायम पोह्याच्या पापडांचा वास. त्या वर्षी जूनमध्ये बल्ब गेला. बाजारात गेले तर दुकानदार म्हणाला, "काकू, तो जुना बल्ब आता कोण ठेवतो? हा एलईडी न्या, गरम होत नाही, वीज खात नाही." मी खूश. आणला, लावला. रोज कपाटाच्या फटीतून बघायचे, पांढराशुभ्र उजेड दिसायचा, मनाला बरं वाटायचं. गरम होत नाही हे त्या माणसाने गुण म्हणून सांगितलं आणि मीही गुण म्हणूनच ऐकलं! उजेडाने काही सुकत नाही, ऊब लागते, हे गणित शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

गणपती गेले आणि मी कपाट उघडलं. पापडांवर लव. माझ्या पैठणीला तळघराचा वास. गिटारच्या तारा तांबूस, मानेवरच्या लाकडी पट्टीवर पांढरी बुरशी, मान धनुष्यासारखी. मी तिथेच फतकल मारून बसले. हे काठी टेकत आले, आधी गिटारकडे बघितलं, मग आतल्या दिव्याकडे. आणि काय सांगू, हसायला लागले! "अगो, मी जन्मभर वीज केली! आणि माझ्या बायकोने कपाटात एलईडी लावला!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आजारानंतर पहिल्यांदाच. मला राग यायला हवा होता, पण माझी पैठणी गेली तर गेली, असं वाटलं मला.

मग त्यांनी बोट तारेवर फिरवलं. बोटाला गंज लागला. हसणं थांबलं.

"दसरा कधी आहे?" म्हणाले.

हा प्रश्न कशासाठी ते मला लगेच कळलं. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. शस्त्रं कसली, पक्कड, टेस्टर, माझी विळी, कोयती, आणि गिटार. पण ह्यांचा एक नियम आहे. जे हत्यार हातात नाही त्याची पूजा नाही. निवृत्त झाले त्या वर्षी, वीजघरातले नट आवळायचे पाने त्यांनी पाटावर मांडू दिले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते देऊनही टाकले, मागे वळून बघितलं नाही. मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "दसऱ्यापर्यंत वाजवता आली तर ठेवू. नाहीतर मुक्ताला सांग, तिच्या ओळखीत कुणी शिकत असेल, त्याला देऊ. उगाच कपाटात सडवायची नाही."

गिटार गेली असती तर माझं काही अडणार नव्हतं. पण ती उचलून देणारा माणूस मागे काय उरला असता, ह्याची मला भीती वाटत होती. खिडकीशी बसलेला तो माणूस मी पावसाळाभर बघितला होता. तो कायमचा मिळणार असेल तर मला नको होता. असं म्हणू नये, पण वाटलं होतं ते हेच.

मी पदर खोचला. "सांगा, आधी काय करायचं?"

सगळा पितृपक्ष आम्ही पडवीत गिटार उघडून बसलो. ओळखीच्या बायका म्हणाल्या, पक्षात नवीन काम काढू नये. मी म्हटलं, नवीन कुठे, जुनंच दुरुस्त करतोय. हे खुर्चीत, मी चटईवर. त्यांचा एक हात आणि माझे दोन. आधी तारा एकेक करून सैल करायच्या, एकदम कापायच्या नाहीत, मानेला हिसका बसतो. मग पट्टीवरची बुरशी पुसायची. मी सवयीने खोबरेल तेलाची बाटली आणली, तर ओरडलेच. "खोबरेल नको! चिकट होईल, वास मारेल!" आता आमच्याकडे बाळाच्या टाळूपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला खोबरेलच लागतं. माझं काय चुकलं? त्यांच्या पेटीत लाकडाचं वेगळं तेल होतं, त्याचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पट्टी चोळली. तेव्हा कुठे आतला रंग दिसायला लागला, भिजल्या चिंचेसारखा.

आवाज लहानमोठा करायची बटणं फिरवली की अॅम्प्लिफायरमधून फोडणी तडतडायची. आतल्या पत्र्यावर ओल बसली होती. मी गिटारचं मागचं झाकण उघडून ओल घालवायचं औषध फवारायचं आणि बटण मागेपुढे, मागेपुढे करायचं. "आणखी." "अहो, झालं की." "आणखी!" ह्या माणसाने पावसाळाभरात माझ्याशी जेवढे शब्द काढले नव्हते तेवढे त्या आठवड्यात माझ्यावर ओरडण्यात काढले. फोनवर मुक्ताने विचारलं, बाबा काय करतायत? मी म्हटलं, "माझा जीव खातायत." ती म्हणाली, "अरे वा!"

मानेचं काम सगळ्यात नाजूक. किल्ली लावायची, जरासं फिरवायचं आणि सोडून द्यायचं. लाकूड आपलं सावकाश वळतं. कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. मी घाईची बाई. मला वाटे, एकदाच जोर लावावा आणि मोकळं व्हावं. "तुटेल," हे म्हणायचे. "आतली सळई तुटली की मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही." मग रोज दुपारी चहाच्या आधी मी एवढंसं फिरवायची आणि दोघं मिळून एकेक डोळा मिटून बघायचो. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकाच गोष्टीकडे इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं. मुक्ताच्या पत्रिकेकडेसुद्धा नाही.

मान सरळ झाली, म्हणजे जेवढी व्हायला हवी तेवढी. नव्या तारा चढवल्या, मिळतील त्यात सगळ्यात बारीक. आता प्रश्न उंचीचा. गिटारच्या बुडाशी, जिथून तारा निघतात तिथे, प्रत्येक तारेला एक घोडी असते आणि तिला दोन बारके स्क्रू. ते फिरवले की तार वर किंवा खाली जाते. तार जितकी खाली, तितकी दाबायला हलकी.

ह्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मानेवर ठेवला. बोटं तारेवर नेली. दाबलं. तार बोटाखालून निसटली.

"खाली घे."

मी खाली घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक बोट तारेवर बसायचं, दुसरं ठेवायला जावं तर पहिलं सुटायचं. "अजून खाली." असं सगळं नवरात्र चाललं. इकडे देवापुढे माळ चढत होती आणि तिकडे मी तारा उतरवत होते. माझी बोटं त्या बारक्या किल्लीने सोलवटून निघाली. देवीला मी काही मोठं मागितलं नाही. एक कॉर्ड, म्हटलं. एकच वाजू दे.

आठव्या माळेला तारा अशा टेकल्या की नुसती छेडली तरी खर्रर्र करायची. "अजून खाली," हे म्हणाले. मी म्हटलं, "आता खाली लाकूड आहे."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "खूप केलंस गो. आता राहू दे. परवा पाटावर मांडू नकोस तिला." आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा वगैरे काही नव्हता, उगाच कशाला सबब सांगू. नुसतीच रडले.

खंडेनवमीच्या सकाळी मी पूजेची हत्यारं घासत पडवीत बसले होते. टेबलावर सगळा पसारा. फिजिओवाल्या बाईने ह्यांना सांगितलं होतं, हातात जाड काहीतरी धरून मूठ आवळा. तिने दिलेला रबरी चेंडू कधीच पलंगाखाली गेला होता, म्हणून मी वेलदोडे कुटायच्या खलाचा पितळी बत्ता दिला होता हातात. जड आणि गुळगुळीत. बारीक तार धरवत नाही पण जाड वस्तू त्या मुठीत राहायची. टेबल पुसायचं होतं म्हणून मी गिटार उचलली आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून ह्यांच्याच मांडीवर आडवी ठेवली. "जरा धरा हो." बटणांची तडतड पुन्हा तपासावी म्हणून अॅम्प्लिफायर मी मघाशीच चालू केला होता.

ह्यांचा डावा हात गिटारवर उतरला, बत्त्यासकट. बत्ता तारांवरून घसरला.

ऊंऽऽय!

मी फडकं टाकून बघायला लागले. हे बत्त्याकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने तार छेडली आणि डाव्याने बत्ता सरकवला. आवाज खालून वर चढत गेला, मध्ये खडखडला, पुन्हा चढला. दाबायचं काही नव्हतंच. बत्त्याचं वजनच तार धरत होतं.

"वर घे," हे म्हणाले.

"काय वर घे?"

"तारा. वर घे. जातील तेवढ्या वर."

माझा पारा चढला. "नवरात्रभर खाली घे, खाली घे करून माझी बोटं सोलून काढलीत, आणि आता वर? मी काय रहाट आहे विहिरीचा?"

"अगो, खाली असल्या की बत्ता पट्टीवर आपटतो. उंच हव्यात! आमच्या कॉलनीत एक साहेब वाजवायचे अशी, मांडीवर घेऊन. हवाई गिटार. मी हसायचो त्यांना." आणि ते खुर्चीत पुढे सरकले. किती दिवसांनी त्यांना असं पुढे सरकून बसलेलं बघत होते मी! मी किल्ली घेतली. बोलत बोलत, शिव्या देत देत, एकेक स्क्रू उलटा फिरवला. बुडाशी तारा उंच झाल्या, पण मानेच्या टोकाशी खालीच. तिथे काय लावायचं? ह्यांनी पंपाचा एक जुना बोल्ट शोधायला लावला. तो तारांखाली आडवा सरकवला, तर त्याच्या आट्यांमध्ये प्रत्येक तार आपापली अशी नीट बसली, जणू त्यासाठीच घडवला होता. मग तारा लावल्या त्या नेहमीसारख्या नाहीत; षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, तंबोऱ्याच्या वळणाने.

बत्ता तारेवर ठेवला आणि हात थरथरायला लागला. मी मान फिरवली, मला ते बघवत नसे. पण आवाज आला तो वेगळाच. त्यांच्या हाताची थरथर तारेत उतरली होती आणि सूर हलत होता, गाणारी माणसं मुद्दाम हलवतात तसा. इतके दिवस जो कंप लपवायला हे हात शालीखाली ठेवत, तो तिथे अगदी बरोबर होता. हे कितीतरी वेळ एकच सूर वाजवत राहिले. मी पण उगाच ती विळी पुन्हा पुन्हा घासत राहिले.

दसऱ्याला त्यांनी स्वतः पाटावर गिटार ठेवली. मी झेंडू वाहिला, आपट्याचं पान ठेवलं.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली आणि मी कुणाला सांगते तेव्हा लोक म्हणतात, वा, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं! नाही हो. पहिल्यासारखं झालं नाही. ते कॉर्ड वाजवणं गेलं ते गेलंच. ऑर्केस्ट्राच्या मागे उभा राहून पायाने ठेका धरणारा तो माणूस मला अजून आठवतो, आणि ते वाजवणं आठवून जीव हळहळतो. आता हे बसून वाजवतात, सावकाश, एका वेळी एक सूर. झपाट्याचं काही जमत नाही. हातही पूर्ण सुधारला नाही. दमट हवेत मान पुढे येते, कोरड्या हवेत मागे जाते, आणि आम्ही दोघं किल्ली घेऊन तिच्या मागे. दरवर्षी नव्याने. कायमचं जुळलंय असं ह्या हवेत काही नसतंच.

सुरुवातीचे दिवस तर विचारू नका. सूर नेमका कुठे आहे हे बत्त्याला सापडायचं नाही, अलीकडे-पलीकडे व्हायचं. मी आतून विचारायची, "मांजर अडकलं का हो कुठे?" शेजारणीने एकदा खरंच कुंपणाजवळ येऊन मांजर शोधलं. हे जोरात हसायचे आणि पुन्हा लागायचे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती त्या कोजागिरीच्या आसपास आली.

सकाळची वेळ होती. भाकऱ्या आटपून, हात धुऊन मी पडवीत कुळीथ निवडत बसले होते. ह्यांनी नेहमीसारखा एक सूर लावला, दुसऱ्यावर गेले, तिसऱ्यावर, आणि मग परत पहिल्यावर आले. पुन्हा तेच केलं. मी सूप खाली ठेवलं. ती चाल होती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्याला भराव घालणारा माणूस गाण्याची चाल वाजवत होता. साधीच चार ओळींची, हेलकावे घेणारी. कुठेतरी ऐकलेली वाटत होती, पण सिनेमातली नव्हे, भजनातलीही नव्हे. तिसऱ्या ओळीच्या मध्येच ती थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच थांबली.

"छान आहे हो," मी म्हटलं. "कुठलं गाणं?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"तुला ठाऊक नाही?"

"नाही बाई."

"रोज म्हणतेस की. भाकऱ्या थापताना. लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

मी? मी म्हणते? आयुष्यात कधी शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा माझा आवाज वर गेला नाही. मी आठवून बघितलं, गुणगुणून बघितलं, काही केल्या तोंडात येईना. राजापूरला माहेरी आई म्हणत असेल, जात्यावर, कुणास ठाऊक. शब्द तर नाहीतच. इतकी वर्षं माझ्या तोंडातून काय निघतं ते मला माहीत नव्हतं आणि बाहेर बसलेल्या माणसाला ते पाठ होतं.

"मग मध्येच का थांबता?" मी विचारलं.

"भाकरी थापून झाली की तू तव्यावर टाकतेस आणि गप्प होतेस. पुढचं मी कधी ऐकलेलंच नाही." त्यांनी बत्ता तारेवर तसाच धरून ठेवला होता. "पुढे काय आहे गो?"

ते थापताना हात चालले तरच तोंडात येणार होतं. भाकऱ्यांची चवड झाकून ठेवलेली होती, चूल विझत आली होती. मी उठले, आत गेले, तांदळाचं पीठ परातीत काढलं आणि नेहमीपेक्षा मोठा गोळा मळायला घेतला.